जलविमान आणि कांठचीं माणसें

समुद्रापासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्यांतील माणसानें समुद्रविमानांच्या इतिहासावर बोलावें, हें कित्येकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु जलविमानाला समुद्रच लागतो असें नाहीं. सुमारें किलोमीटरभर लांबीचें, पुरेसें खोल आणि मोठ्या लाटा नसलेलें मोकळें पाणी मिळालें म्हणजे त्याचें काम भागतें. असें पाणी खाडींत मिळतें, नदीच्या पात्रांत मिळतें आणि धरणाच्या जलाशयांतहि मिळतें. तेव्हां किनाऱ्यावरील कोळ्यापुढें आज जो प्रश्न आहे, तो उद्यां गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यांतील मासेमाऱ्यापुढें येणार नाहीं असें कोणीं सांगावें? या दृष्टीनें, जलविमान जेथें जेथें आलें तेथील लोकांनीं त्याचें स्वागत कसें केलें, आणि जेथें स्वागत झालें नाहीं तेथें तें कां झालें नाहीं, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

या यंत्राचा जन्म शंभर वर्षांहून थोडा अधिक जुना आहे. आंरी फाब्र या फ्रेंच गृहस्थानें २८ मार्च १९१० रोजीं दक्षिण फ्रान्समधील बेर नांवाच्या खाजणांत आपलें यंत्र पाण्यावरून उचललें आणि सुमारें अर्धा किलोमीटर उडवून पुनः पाण्यावर टेकविलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत ग्लेन कर्टिस यानेंहि तो प्रयोग यशस्वी करून दाखविला. त्या काळीं विमानतळ म्हणून कांहीं नव्हतेच. विमान उतरवावयाचें तें घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नाहीं तर कवायतीच्या पटांगणावर. अशा वेळीं निसर्गानेंच तयार करून ठेविलेला, सपाट, कोणी झाडें तोडावीं लागत नाहींत कीं खड्डे बुजवावे लागत नाहींत असा तळ म्हणजे पाणी, ही कल्पना किती आकर्षक वाटली असेल, हें सहज समजण्यासारखें आहे.

आपल्या देशानें विमानाचें कौतुक प्रथम नदीच्या कांठींच केलें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबाद येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें घेऊन यमुना ओलांडली व तीं नैनी येथें पोंचविलीं. अंतर अवघें पांच-सहा मैलांचें, वेळ कांहीं मिनिटांचा. परंतु विमानानें टपाल नेण्याचा जगांतील पहिला अधिकृत प्रसंग म्हणून त्याची नोंद झालेली आहे. तें विमान जमिनीवरून उडणारें होतें. तरी नदी ओलांडणारें, थोड्या अंतराचें आणि खालून सर्वांना स्पष्ट दिसणारें उड्डाण म्हणून आजच्या विषयाशीं त्याचें नातें जवळचें आहे.

किनाऱ्यालगतच्या जवळच्या प्रवासासाठीं जलविमानाची नियमित सेवा सुरू झाली ती १९१४ सालीं, अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत. सेंट पीटर्सबर्ग आणि टँपा हीं दोन शहरें एका उपसागराच्या दोन बाजूंस वसलेलीं आहेत. आगबोटीला सुमारें दोन तास लागत. आगगाडी सर्व उपसागराला वळसा घालून जाई. १ जानेवारी १९१४ रोजीं टोनी जॅनस यानें आपलें लांकडी उडतें होडकें पाण्यापासून थोड्याच उंचीवरून हांकीत तेवीस मिनिटांत पलीकडे नेलें. पहिल्या जागेचा लिलाव झाला. शहराच्या एका माजी नगराध्यक्षांनीं त्या एका फेरीसाठीं चारशें डॉलर मोजले. पुढें तिकिटाचा दर पांच डॉलर ठेवण्यांत आला, आणि सुमारें चार महिन्यांत बाराशेंच्या वर उतारूंनीं प्रवास केला. निरोप द्यावयास हजारों लोक धक्क्यावर जमले होते.

परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाहीं. हिंवाळ्यांत येणारे हौशी प्रवासी परत गेले, गिऱ्हाईक आटलें आणि वसंत ऋतु संपण्यापूर्वींच ती सेवा बंद पडली. धक्क्यावर टाळ्या वाजविणारे लोक आणि रोज तिकीट काढून बसणारे लोक हे दोन वेगळे समुदाय असतात, हा धडा पहिल्याच प्रयोगानें शिकविला. तो पुढें कितीदां तरी गिरवावा लागला.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या टपालवाहतुकीचा. १९३६ सालीं शॉर्ट बंधूंच्या कारखान्यांत चार इंजिनांचीं मोठीं 'एंपायर' जातीचीं उडतीं जहाजें तयार झालीं, आणि १९३८ पासून इंपीरियल एअरवेज कंपनीनें तीं हिंदुस्थानच्या मार्गावर चालविलीं. हीं जहाजें कराचीला समुद्रालगत उतरत. पण तेथून कलकत्त्याला जातांना मध्यें समुद्र कोठला? म्हणून मेवाडांतील राजसमंद, ग्वाल्हेरजवळील जलाशय आणि अलाहाबादेची यमुना या ठिकाणीं तीं पाण्यावर टेकत असत. उंटांच्या आणि बैलगाड्यांच्या मुलखांत, सतराव्या शतकांत राणा राजसिंहानें बांधविलेल्या तलावावर इंग्लंडहून आलेलें जहाज आकाशांतून उतरे! ग्वाल्हेर हें तर शिंद्यांचें संस्थान. तेथील मराठी घरांनीं हें नवल आपल्या वेशीजवळ पाहिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. राजसमंद असो कीं ग्वाल्हेर असो, तें पाणी संस्थानिकाचें मानलें जाई. दरबारची संमति मिळाली म्हणजे प्रश्न मिटला. त्या तलावावर कोणाचीं जनावरें पाणी पितात, कोणाचीं जाळीं पडतात, याची वेगळी विचारपूस करण्याची त्या राज्यपद्धतींत सोयच नव्हती. म्हणून त्या काळच्या कागदोपत्रीं लोकमताची बाजू रिकामी दिसली, तर तेवढ्यावरून लोक संतुष्ट होते असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. इतिहासांत जेथें तक्रार आढळत नाहीं तेथें तक्रारच नव्हती कीं तक्रार ऐकणाराच नव्हता, हें प्रत्येक वेळीं तपासून पाहावें लागतें.

उडत्या जहाजांचें हें वैभव फार काळ टिकलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जगभर पक्क्या धांवपट्ट्या तयार झाल्या. जमिनीवरून उडणारीं विमानें अधिक वेगवान व कमी खर्चाचीं ठरलीं. १९५० च्या अखेरीस ब्रिटनच्या सरकारी विमान कंपनीनें आपलीं उडतीं जहाजें निवृत्त केलीं. त्यानंतर जलविमान उरलें तें जेथें धांवपट्टी बांधणें शक्य नाहीं किंवा परवडत नाहीं अशा ठिकाणीं: कॅनडाचीं सरोवरें, अलास्काच्या खाड्या, मालदीवचीं बेटें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. कोंकणचा किनारा लांबीनें मोठा, खाड्यांनीं तुटलेला, आणि मागें सह्याद्रीची भिंत. अशा प्रदेशांत जलमार्ग हाच राजमार्ग होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत जात. पुष्कळ बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राही आणि गांवचे पडाव जाऊन उतारू व सामान उतरवून आणीत. प्रवाशाला हा द्राविडी प्राणायाम वाटे. परंतु त्यामुळें बंदरावरच्या नावाड्याला चार पैसे मिळत. मोठ्या यंत्राच्या धंद्यांत लहान होडीवाल्याला असें आपोआप स्थान मिळालें होतें.

या जलमार्गानें आपला करहि घेतला. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या वेळीं सरकारी मदत पोंचण्यापूर्वीं कांहीं जीव वांचले, ते त्या बाजूच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घातल्या म्हणून. समुद्रावर अपघात झाला असतां पहिला हात मच्छिमाराचाच पोंचतो, ही गोष्ट जलविमानांच्या योजना आंखणारांनींहि विसरूं नये.

पुढें रस्ते झाले, एस. टी. आली, आणि गोव्यापर्यंत जाणारी प्रवासी बोटवाहतूक १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबली. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला. किनाऱ्यावरील माणूस समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या बाजूनें प्रवास करूं लागला. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्या घेऊन जाणारी मोठी नौका सुरू झाली तेव्हां अनेकांना जुन्या दिवसांची आठवण झाली. पण वेंगुर्लें-मालवणच्या माणसाला समुद्रावरून झटकन् मुंबईस जाण्याचा मार्ग मिळालेला नव्हता. ही उणीव जलविमान भरून काढील, असें आश्वासन गेल्या पंधरा वर्षांत वारंवार दिलें गेलें.

या आश्वासनांची कालक्रमानें उजळणी केली तर एक क्रम दिसून येतो. २०१० च्या डिसेंबरांत मुंबईच्या जुहू येथें 'जल हंस' नांवाच्या विमानाचें उद्घाटन होऊन तें अंदमानांत पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक बेटांसाठीं रवाना झालें. पुढें ती सेवा थांबली. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं जुहूहून मावळांतील पवना धरणाच्या जलाशयापर्यंत महाराष्ट्रांतील पहिली व्यापारी जलविमानसेवा सुरू झाली. तीहि टिकली नाहीं. ९ डिसेंबर २०१७ रोजीं केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितींत गिरगांव चौपाटीसमोर एका विमान कंपनीनें जलविमानाची चांचणी केली. लगेच १२ डिसेंबर रोजीं गुजरातेंत पंतप्रधानांनीं साबरमतीच्या पात्रांतून धरोई धरणापर्यंत जलविमानानें प्रवास केला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं साबरमती ते केवडिया अशी नियमित सेवा सुरू झाली. तिकिटाचा दर दीड हजार रुपयांपासून होता. मालदीवहून आणलेलें तें जुनें विमान मध्यंतरीं दुरुस्तीसाठीं परत पाठवावें लागलें आणि एप्रिल २०२१ मध्यें ती सेवा बंद पडली. त्याच केवडियांत विमान उतरण्याच्या तलावांतून २०१९ सालीं मगरी पकडून हलविण्यांत आल्या होत्या, आणि प्राणिप्रेमी मंडळींनीं त्याविरुद्ध आवाज उठविला होता.

उद्घाटनाला गर्दी, छायाचित्रें, वर्तमानपत्रांत मोठे मथळे, आणि कांहीं महिन्यांनीं शांतता! टँपाच्या धक्क्यावरचा १९१४ चा अनुभव येथेंहि जसाच्या तसा आला. परंतु या सर्व ठिकाणीं विरोधानें सेवा बंद पडली असें नाहीं. खर्च, दुरुस्ती आणि प्रवाशांची वाण हींच मुख्य कारणें. कांठच्या लोकांचा विरोध हा निर्णायक ठरला तो केरळांत, आणि म्हणूनच त्या प्रसंगाकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे.

२ जून २०१३ रोजीं कोल्लम येथील अष्टमुडी सरोवरावर मुख्यमंत्री ऊमन चंडी यांच्या हस्तें जलविमानसेवेचें उद्घाटन झालें. विमान तेथून आलप्पुळच्या पुन्नमडा सरोवरावर जावयाचें होतें. परंतु तेथें मच्छिमारांनीं पाण्यांत होड्या आणून उतरण्याची जागा अडविली. विमान उतरूं शकलें नाहीं आणि ती योजना तेथेंच खुंटली. अकरा वर्षांनीं, ११ नोव्हेंबर २०२४ रोजीं, कोचीजवळील बोळगाटीहून इडुक्की जिल्ह्यांतील माट्टुपेट्टी धरणापर्यंत सतरा आसनी विमानाची चांचणी झाली. आतां सरकार दुसऱ्या पक्षाचें होतें. २०१३ सालीं विरोधांत असलेली डावी आघाडी २०२४ सालीं सत्तेवर होती. तरीहि मच्छिमार संघटनांनीं पुनः हरकत घेतली, आणि त्यांत सत्ताधारी आघाडींतील एका घटकपक्षाची कामगार संघटनाहि होती. माट्टुपेट्टीच्या जलाशयांतून रानहत्ती ये-जा करितात, म्हणून वनखात्यानेंहि आपली काळजी कळविली. राज्यकर्ते बदलले, पक्षांच्या भूमिकांची अदलाबदल झाली, पण कांठच्या माणसाची तक्रार मात्र तीच राहिली. जी तक्रार पक्ष बदलला तरी बदलत नाहीं, तिच्यामागें राजकारणापेक्षां कांहीं तरी अधिक टिकाऊ कारण असलें पाहिजे.

तें कारण समजण्यासाठीं जलविमान पाण्यावर काय करितें हें थोडें पाहिलें पाहिजे. पाणी हें हवेपेक्षां कितीतरी घट्ट. तें विमानाच्या तळाला धरून ठेवितें. म्हणून तळाखालीं मध्यभागीं एक पायरी ठेवलेली असते. वेग वाढला कीं तळाचा पुढचा भाग पाण्यावर घसरूं लागतो, पायरीमागें हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान वर उठतें. यासाठीं बऱ्याच लांबीची निर्वेध धांव लागते. त्या धांवेच्या वाटेंत एखादा तरंगता ओंडका, जाळ्याचा दोर किंवा बुडीत खुंट आला तरी घात होतो. उतरतांना तर आणखी अडचण. पाणी आरशासारखें निश्चल असलें तर वैमानिकाला आपण किती उंचीवर आहों हें नीट कळत नाहीं. त्यामुळें विमानाच्या आधीं पाहारेकऱ्याच्या बोटीनें फेरी मारून पाणी मोकळें करावें लागतें. 'मोकळें करावें' या दोन शब्दांत सारें भांडण सांठलेलें आहे. कारण पाणी मोकळें करावयाचें म्हणजे तेथें जो आधींपासून आहे त्याला दूर करावयाचें.

दुसरी गोष्ट ऋतूची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि खवळलेल्या समुद्रावर जलविमानहि उतरूं शकत नाहीं. समुद्र शांत झाला कीं होड्याहि निघणार आणि विमानेंहि निघणार. पर्यटकाचा हंगाम तोच मच्छिमाराचा हंगाम. दोघांनाहि वर्षांतील तेच महिने, दिवसांतील तोच उजेड आणि खाडींतील तेंच शांत पाणी हवें असतें. ही स्पर्धा कोणाच्या हट्टामुळें उत्पन्न झालेली नाहीं. ती वाऱ्यापावसानें ठरवून दिलेली आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि माझ्या मतें ती सर्वांत महत्त्वाची. जमिनीवर विमानतळ करावयाचा तर शेतकऱ्याची जमीन घ्यावी लागते. त्यासाठीं १८९४ चा कायदा होता, २०१३ पासून नवा कायदा आहे. शेतकऱ्याजवळ सातबाराचा उतारा असतो. त्यावर त्याचें नांव असतें. त्याला नोटीस जाते, मोबदला ठरतो, कमी वाटला तर कोर्ट आहे. पाण्याला सातबारा नसतो. ज्या खाडींत आजा-पणजापासून जाळें पडत आलें त्या खाडीवर मच्छिमाराचें नांव कोठेंहि लिहिलेलें नसतें. तेथें जलविमानतळ झाला म्हणजे कागदोपत्रीं कोणाचें कांहींच गेलेलें नसतें. आणि ज्याचें कांहीं गेलेलें नाहीं त्याला मोबदला तरी कशाचा द्यावयाचा? म्हणून तो आपली होडी मध्यें आणून उभी करितो. होडी हाच त्याचा हरकतीचा अर्ज होय.

हा केवळ जलविमानापुरता प्रश्न नव्हे. मुंबईंत सागरी रस्त्याचें काम चाललें असतां वरळीच्या कोळ्यांनीं सांगितलें कीं, पुलाच्या दोन खांबांमधील साठ मीटर अंतरांतून भरतीच्या वेळीं आमच्या होड्या सुरक्षित जाणार नाहींत. पुष्कळ दिवस तें ऐकलें गेलें नाहीं. अखेर डिसेंबर २०२२ मध्यें तें अंतर एकशें वीस मीटर करण्याचें मान्य झालें. आपल्या मराठवाड्यांत पैठणच्या जायकवाडी जलाशयावर तरंगत्या सौरवीज प्रकल्पाची योजना निघाली तेव्हां तेथील कहार समाजाच्या संस्थेनें हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२४ सालीं ती फेटाळली गेली. या दोन निकालांत कोण बरोबर आणि कोण चूक हें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. पण पूल असो, वीज असो कीं विमान असो, 'हें पाणी रिकामें आहे' अशी समजूत नकाशावर बोट ठेवणाराची असते आणि 'हें पाणी आमचें पोट आहे' अशी समजूत कांठावर बसणाराची असते, एवढें या उदाहरणांवरून निर्विवाद दिसतें.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जलविमान हें कांहीं केवळ श्रीमंतांचें खेळणें नव्हे. मालदीवमध्यें तें बेटांना जोडतें. कॅनडांतील व्हँकूव्हरच्या बंदरांतून एक कंपनी १९८२ पासून हीं विमानें चालवीत आलेली आहे. व्हिक्टोरियाचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासांत होतो. तेथें विमान पाहून कोणी थांबत नाहीं, इतकें तें अंगवळणीं पडलें आहे. परंतु तेथेंहि पाण्याचा एक भाग विमानांसाठीं नकाशावर आंखून दिलेला आहे, आणि इतकें असूनहि ८ जून २०२४ रोजीं उड्डाण घेणारें विमान एका बोटीवर आदळलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं, पण माणसें जखमी झालीं. चाळीस वर्षांच्या संवयीनंतरहि होडी आणि विमान यांना एकाच पाण्यांत सांभाळणें किती जोखमीचें आहे, हें यावरून दिसतें. मग जेथें खुणा नाहींत, संवय नाहीं आणि विचारपूसहि नाहीं तेथें मच्छिमार घाबरला, तर त्याला अडाणी म्हणून कसें चालेल? मच्छिमारांच्या कांहीं शंका अतिशयोक्त असतीलहि. दिवसांतून दोन फेऱ्या झाल्यानें सारे मासे पळून जातील असें कोणी म्हणाल्यास तें तपासून घ्यावें. पण शंका अतिशयोक्त आहे हें ठरविण्यापूर्वीं ती ऐकून घेतली पाहिजे.

हा प्रश्न पुढें अधिकच निकट येणार आहे. आतां अशा वाहनांचे प्रयोग चालू आहेत कीं जीं पाण्यावरून उंच जातच नाहींत. पंख पृष्ठभागाच्या अगदी जवळ असला म्हणजे त्याखालीं हवेची एक उशीच तयार झाल्यासारखें होतें आणि ओढ कमी होते. थोड्या शक्तींत जास्त भार वाहतां येतो. रशियन लोकांनीं १९६६ सालीं कॅस्पियन समुद्रावर असें एक अजस्र यंत्र चालविलें होतें. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड प्रांतांत विजेवर चालणाऱ्या अशा वाहनावर काम सुरू आहे, आणि २०२५ सालीं मद्रासच्या आय. आय. टी.मधून निघालेल्या एका लहान कंपनीनें कलकत्ता ते चेन्नई हा प्रवास सहाशें रुपयांत घडविण्याची उमेद प्रकट केली. उमेद स्तुत्य आहे. तरुणांनीं असें स्वप्न पाहावेंच. पण हें वाहन सर्व वेळ लाटांपासून थोड्याच उंचीवरून धांवणार. म्हणजे जुन्या जलविमानाचा आणि होडीचा संबंध जेवढा उतरण्याच्या ठिकाणापुरता होता, तो आतां साऱ्या वाटेवर येणार. सरकारनें २०१८ सालीं जलविमानतळांचे नियम केले आणि ऑगस्ट २०२४ मध्यें जलविमानांसाठीं नवीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर केलीं. त्यांचा रोख उड्डाणाची परवानगी सुलभ करण्यावर आणि सुरक्षिततेवर आहे. तें योग्यच आहे. परंतु त्या पाण्यावर आधींपासून जगणाऱ्यांशीं व्यवहार कसा करावा, हा प्रश्न वैमानिकाच्या परवान्यानें सुटणारा नाहीं.

तो सुटेल तर जुन्या आगबोटींच्या अनुभवानें सुटेल. आगबोटीला पडावाची गरज होती, म्हणून पडाववाला तिचा वैरी झाला नाहीं. जलविमानालाहि पाणी राखणारी बोट लागते, उतारूंना कांठावर आणणारी नौका लागते, बुडीत खुंटांची आणि प्रवाहांची माहिती असलेला माणूस लागतो. हीं कामें बाहेरच्या ठेकेदाराला न देतां त्या पाण्यावरच्या मच्छिमार सोसायटीला करारानें द्यावींत. पहांटेची आणि सायंकाळची वेळ जाळ्यांसाठीं राखून विमानाच्या फेऱ्या मधल्या प्रहरांत ठेवाव्यात. विमानाची वाट तरंगत्या खुणांनीं आंखावी आणि त्या वाटेमुळें ज्याचें मासेमारीचें क्षेत्र गेलें त्याला, सातबारा नसला तरी, सोसायटीच्या नोंदीवरून भरपाई मिळावी. बेटावरील वा दूरच्या खेड्यांतील रुग्णासाठीं एखादी जागा राखावी, म्हणजे आकाशांतून जाणारें यंत्र आपलेंहि आहे असें कांठच्या माणसाला वाटेल. यांत कांहींहि अशक्य नाहीं. उद्घाटनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाचा थोडा अंश या कामीं लावला तरी आरंभ होईल.

परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण आहे. तें पाणी अडलें तेव्हां खालच्या मळ्यांना जीवन मिळालें आणि वरचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. त्या विस्तीर्ण जलाशयाकडे रस्त्यावरून जाणारा मनुष्य पाहतो तेव्हां त्याला तें रिकामें दिसतें. पहांटे कांठावर गेलें म्हणजे त्यावर लहान लहान तराफे आणि होड्या हलतांना दिसतात. एखाद्या दिवशीं एखादा अधिकारी नकाशा घेऊन तेथें येईल आणि विमानासाठीं पाण्याची लांबी मोजूं लागेल. त्यानें जरूर मोजावी. मात्र तें काम दुपारच्या रिकाम्या पाण्यावर न करतां पहांटे करावें, आणि मोजण्याची दोरी धरावयास तेथल्याच एखाद्या होडीवाल्याला हांक मारावी.